दोन रेघांचं दूध

९ ऑक्टोबर

धाकटे,

आशीर्वाद. इथे सगळे मजेत, गाई सगळ्यांपेक्षा जास्त.

आपण दोघी गोठ्यात वाढलेल्या. परत आलेलं दूध म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. आपल्या गावच्या बायकांचे दुधाचे कॅन डेअरीतून परत येत राहिले आणि कारण कुणी सांगितलं नाही. म्हणून मी सभासभांतून गरजले, "दूध नाकारता, तर कारण तोंडावर सांगा!" टाळ्यांचा कडकडाट! आणि पहिल्यांदा तोंडावर सांगायला आलं कोण? डेअरीच्या प्रयोगशाळेतली माझीच सख्खी बहीण!

माझ्या घरी येऊन तू पेंडीच्या पोत्यात हात घातलास, मूठ हुंगलीस. मी म्हटलं, "वरची बुरशी खरवडूनच घालते मी."

"ताई, बुरशी खरवडता येते, तिचं विष नाही. ते गाईच्या पोटातून दुधात उतरतं. उकळून जात नाही, दह्यातही राहतं."

"मला शिकवतेस?"

तू चहा न घेताच गेलीस. नंतर तपासणीसाठी आमच्या दूध केंद्रावर येणंही सोडलंस.

असो, बातमी ऐक. ती पेंड पुरून टाकली. नवी पोती भिंतीपासून लांब, फळ्यांवर ठेवली. काल तुझ्याऐवजी आलेल्या चष्मेवाल्याने दुधात तपासणीची पट्टी बुडवली. एकच रेघ आली तर विष, दोन आल्या तर दूध चांगलं. आम्ही साऱ्या पट्टीवर वाकलो. एक उमटली. मग दुसरी, चांगली ठसठशीत!

मी ओरडले, "दोन रेघा! दोन रेघा!"

शेजारच्या काकू धावत आल्या. "अगं बाई! या वयात?"

हसता हसता चष्मेवाल्याचा चष्मा कॅनमध्ये पडता पडता वाचला.

काल नात पेलाभर दूध गटागटा प्यायली, पांढऱ्या मिशा घेऊन घरभर नाचली. त्या दिवशी पोत्यात हात घालण्याआधी तू तिच्या पेल्याकडे पाहिलं होतंस. मला दिसलं होतं गं. तरी भांडत राहिले.

रविवारी सभा आहे. भाषण माझं ठरलंय, पण मी बोलणार नाही. पेंडीचं पोतं मी उचलून मंचावर आणते. तू ये, सगळ्या बायकांसमोर त्यात हात घाल, आणि दूध का परत येतं ते तोंडावर सांग.

चहा सभेनंतर. या खेपेला घेतल्याशिवाय सोडणार नाही.

तुझी,
तासभर गप्प बसायला तयार झालेली
ताई