आवाजाखालची घडघड

ता. ४ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र परवा मिळालं. काम कुठवर आलं हे तुम्ही एकाच पत्रात चार ठिकाणी विचारलं आहे, म्हणून आधी तेच सांगते. आईच्या शिवणक्लासच्या सहाही टेपा कॉम्प्युटरवर उतरवून झाल्या. क्लासला येऊ न शकणाऱ्या मुलींसाठी तिनं त्या काढून घेतल्या होत्या, पण कॅमेरा कुणी मांडला कोण जाणे, अगदी मशीनला चिकटून. त्यामुळे आई कमी बोलते आणि तिचं पायमशीनच जास्त बोलतं. गोंगाटात तुमच्या कानाला शब्द लागत नाहीत, म्हणून ती घडघड मी एकेका वाक्याखालून काढते आहे. एक मिनिट स्वच्छ व्हायला दोन-अडीच तास जातात. ऑफिसला निघण्याआधी सकाळी बसते आणि सुट्टीचा दिवस तर सगळा त्यातच जातो. चोवीस मिनिटं झाली, सात राहिली.

ज्यावर हे काम करते त्या सॉफ्टवेअरला मी लाडोबा म्हणते. जरा मनाविरुद्ध झालं की पडदा पांढरा करून रुसून बसतं. केलेलं काम दर पाच मिनिटांनी आपोआप सेव्ह करायची सोय त्यात आहे, पण तेवढ्यापुरतं ते अडखळतं आणि आईचं वाक्य मधेच तुटतं. म्हणून ती सोय मी बंदच करून टाकली. शेवटी तुमचीच भाची. खिळ्यांचं पान मनासारखं जुळल्याशिवाय त्याभोवती दोरी बांधायची नाही, हे मी छापखान्यात तुमच्या स्टुलाशेजारी उभी राहूनच शिकले ना?

तिसऱ्या टेपेत तुमचा उद्धार आहे. आधी कच्चा टाका, मग मशीन, असं मुलींना बजावताना आई म्हणते की कच्चा टाका न घालणारा एक भाऊ तिच्या नशिबी आहे, तो खिळे जुळवतो आणि पान सुटं ठेवून चहाला जातो. मुली हसतात. मग तीही हसते. ते हसणं मी फार जपून स्वच्छ केलं आहे.

मामीला नमस्कार. कान जपा, थंड वाऱ्यात फिरू नका, आणि माझ्यावरची माया आहे तितकीच असू द्या.

तुमची,
ठकी

———

ता. ९ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. अक्काला माझा उद्धार करायला कॅमेराच सापडला म्हणायचा. माझ्या आयुष्यात एकच पान सांडलं, आणि ते तिनं जन्मभर पुरवून पुरवून वापरलं.

आता कानाचं. डावा गेला तो गेलाच. उजव्यात ऑपरेशन करून यंत्र बसवायचं, २८ तारीख ठरली आहे. डॉक्टर बाई स्पष्ट बोलणाऱ्या आहेत, म्हणजे स्पष्ट लिहिणाऱ्या. त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं की यंत्र बसलं की आतलं उरलंसुरलं ऐकू येणं बहुतेक संपेल. पुढे जे ऐकायचं ते यंत्रातून. पहिले काही महिने माणसांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटतात, ओळखीचा माणूससुद्धा ओळखू येत नाही.

म्हणून तुझ्यामागे हा तगादा. अक्काला जाऊन वर्ष झालं. शेवटच्या दिवसांत ती जे बोलली त्यातलं मला निम्मंही ऐकू आलं नाही. मी मान हलवत राहिलो आणि तिला ते कळत होतं. हे मी तुझ्या मामीलाही सांगितलेलं नाही. माझ्या स्वतःच्या कानानं तिचा आवाज एकदा ऐकायचा आहे, यंत्र बसायच्या आत. त्यानंतर काय बसवायचं ते बसवा.

घाई करून कामाची नासाडी करू नकोस, पण २८ तारीख विसरूही नकोस. सकाळी उपाशी पोटी बसतेस ते बंद कर. आमचं सगळं लक्ष तुझ्याकडे आहे, तुझं थोडं आमच्याकडे असू दे.

तुझा,
मामा

———

ता. १५ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहिते, ऑफिसात गडबड आहे. काम चाललं आहे. थोडं मागेपुढे होईल असं वाटतं, पण तुम्ही काळजी करू नका. इकडे सगळं ठीक. सकाळी खाऊनच बसते. मामीचे गुडघे कसे आहेत?

उशीर झाला तरी माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
ठकी

———

ता. १९ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. आ.

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहिते आहे. ते टपालपेटीपर्यंत रोज जातात, म्हणून हे शेजारच्या शिक्षिकेकडे देते.

तुझं पत्र आलं आणि हे दुसऱ्या दिवशी एकटेच दवाखान्यात जाऊन आले. ऑपरेशन चौदा मार्चवर ढकललं. कारण विचारलं तर मला म्हणाले की ठकीचं काम मागेपुढे होतं आहे. मी डॉक्टरांना जाऊन भेटले. बाई चिडल्या होत्या. म्हणाल्या की जितका उशीर तितकं यंत्राचं ऐकणं शिकायला जड जाईल, आणि ज्या कानासाठी हे थांबले आहेत तो तर दिवसागणिक उतरतो आहे.

घरातलं तुला सांगते. कुकरची शिट्टी त्यांना आता ऐकू येत नाही. फोन, दाराची बेल, मी, कुणीच नाही. दार आपटलं तर मान वळते. खाली ट्रक थांबला तर खिडकीकडे बघतात. जड आवाज तेवढे कळतात. पण त्यांना विचारलंस तर म्हणतील की अजून बरंच ऐकू येतं. तुझ्या कामासाठी कान शिल्लक आहे असं त्यांना दाखवायचं आहे, तुला आणि स्वतःलाही.

तुझ्या पत्राची भाषा मला तुझी वाटली नाही. माझ्या गुडघ्यांची चौकशी तू कधी केली नव्हतीस. काही बिनसलं असेल तर त्यांना खरं कळव. खरं कळलं तर ते रागावतील, पण थांबणार नाहीत. ह्या थांबण्याचीच मला भीती वाटते.

ह्यात तुला दोष देत नाही. तू आमचीच आहेस, तशीच राहा.

तुझी,
मामी

———

ता. २३ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी दहा दिवसांपूर्वीच लिहायला हवं होतं. मागच्या पत्रात मी तुमच्याशी खोटं बोलले. काम चाललेलं नव्हतं. काम गेलं होतं.

अकरा तारखेला, सुट्टीच्या दिवशी सकाळी, एकतिसावं मिनिट पुरं झालं. सुरुवातीची चार मिनिटं सोडली तर त्यातलं काहीच मी सेव्ह केलेलं नव्हतं. एकोणीस दिवस कॉम्प्युटर बंदसुद्धा केला नव्हता, नुसता झोपवून ऑफिसला जात होते. शेवटचं वाक्य ऐकलं, समाधान झालं, आता दोरी बांधू म्हणून सेव्हचं बटण दाबलं आणि लाडोबा तिथेच अडला. पडदा पांढरा झाला. मी तासभर हात मांडीवर ठेवून बसले, कारण काही दाबलं तर उरलेलंही जाईल असं वाटत होतं. मग तो आपोआप बंद पडला. मागे राहिली ती फाइल उघडतच नाही. ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवली. जुनी चार मिनिटं तेवढी शाबूत आहेत, आणि मूळ टेपा अर्थातच आहेत, घडघडीसकट.

ऑफिसात मी दुसऱ्यांच्या मागे दर दहा मिनिटांनी सेव्ह करा म्हणून लागते. मग इथे का केलं नाही? तुमच्या दोरीचं नाव मी पुढे केलं, पण ते तितकंसं खरं नाही. सेव्ह केलं की ते मिनिट पुरं झालं असं व्हायचं. रोज सकाळी आई माझ्याशी बोलत होती, आणि मला ते पुरं करायचंच नव्हतं. ती वर्षापूर्वी गेली हे मला ह्या अकरा तारखेला नीट कळलं. तुमच्याजवळ दिवस मोजके आहेत हे माहीत असून मी ते माझ्या दुःखावर खर्च केले. ह्याबद्दल माफी कशी मागायची ते मला कळत नाही.

माझ्यासाठी ऑपरेशन लांबवू नका. मला कुणाकडून कळलं ते विचारू नका. ऑफिसात आता मार्चअखेरची गडबड आहे, पुन्हा सगळं करायला मला एप्रिल उजाडेल, आणि त्याची वाट तुमचा कान बघणार नाही. मिळेल ती जवळची तारीख घ्या.

सोबत पेनड्राइव्ह पाठवते आहे. त्यात तिसऱ्या टेपेतली सात मिनिटं आहेत, तुमच्या उद्धाराची. काहीच साफ केलेलं नाही, मशीन जसंच्या तसं आहे. शब्द लागणार नाहीत हे मला ठाऊक आहे. निदान चेहरा बघा. वरच्या माळ्याच्या भाडेकरूला सांगितलं तर तो लॅपटॉप आणि मोठा स्पीकर लावून देईल.

रागवा, पण मला टाकू नका.

तुमची,
ठकी

———

ता. ३ मार्च, दवाखाना

चि. ठकीस,
अ. उ. आ.

चौदा तारीख रद्द केली. उद्या सकाळी ऑपरेशन. डॉक्टर बाईंनी पाटीवर लिहिलं की रोज तारीख बदलायला हा काही छापखाना नाही. मी लिहिलं की छापखान्यातही तारीख बदलायला मालकाची परवानगी लागते. तेव्हा कुठे हसल्या.

तुला कुणी कळवलं ते मला माहीत आहे. शेजारच्या शिक्षिका पत्र टाकायला निघाल्या तेव्हा मी पेटीशीच उभा होतो, आणि पाकिटावरचं अक्षर मी चाळीस वर्षं बघतो आहे. मामीला हे सांगू नकोस.

रागावलो होतो. पत्र वाचून खणात टाकून दिलं. पेनड्राइव्हही तसाच ठेवला. ज्यातून शब्द लागणार नाहीत ते कशाला बघायचं, असं वाटलं. मग परवा सकाळी मामीनं भाडेकरूला बोलावलंच. त्यानं स्पीकर जेवणाच्या टेबलावर ठेवला.

तुझ्याशी खोटं बोलणार नाही. आवाज ऐकू आला नाही. अक्काचं तोंड हलत होतं आणि माझ्यासाठी खोलीत सामसूम होती. मी उजवा कान टेबलावर टेकवला, तरी नाही. बंद कर म्हणून हात वर केला, आणि तेवढ्यात मशीन सुरू झालं.

ते मला ऐकू आलं. लाकडातून कानात आणि हाडात. आधी चार-सहा टाके दमानं, मग एकदम पळवायची, कोपरा आला की सावकाश, मग थांबा. एका घरात होतो तेव्हा पंधरा वर्षं मी तिच्या त्या मशीनच्या पलीकडे त्याच टेबलावर मुद्रितं तपासली आहेत. ती रागावली आहे की खुशीत, हे मी तिच्याकडे न बघता मशीनवरून सांगायचो. त्या पायाची चाल दुसऱ्या कुणाची नाही. ठके, ती अक्काच होती. मी डोळे मिटून बसलो होतो तरी ती होती. शेवटी माझा बांध फुटला. मामी घाबरून बंद करायला धावली, तिला मी करू दिलं नाही. सात मिनिटं मी नऊ वेळा ऐकली. ऐकली असंच लिहितो. माझा उद्धार कुठे आहे तेही कळलं, कारण त्याआधी तिनं मशीन जरा जास्तच वेळ थांबवलं आहे. नेम धरायला ती अशीच थांबायची.

तू एकोणीस दिवस खपून जे काढून टाकलंस, तेवढंच माझ्या कानाला उरलं होतं. तुझं स्वच्छ काम वेळेवर आलं असतं तर मी नुसतं हलणारं तोंड बघितलं असतं. म्हणून ते गेलं ते बरं झालं, असं मी म्हणणार नाही. ते गेल्याचं मला वाईट वाटतं, तुझ्या सकाळी त्यात गेल्या. आणि तिचा आवाज माझ्या कानानं ऐकायचा राहिला तो राहिलाच. शेवटच्या दिवसांतलं तिचं बोलणंही राहिलं. त्याला आता इलाज नाही.

माझ्या दुःखावर दिवस खर्च केले असं तू लिहिलंस. ती तुझी आई होती, ते दिवस तुझेच होते. त्याची माफी कुणी मागायची नसते.

एक काम मात्र कर. एप्रिल नाही, जून लागला तरी चालेल. सगळ्या टेपा पुन्हा कर. तिचे शब्द वर आण, पण मशीन काढू नकोस, खाली राहू दे. यंत्र बसलं की मला अक्काचा आवाज परका वाटेल, कुणी तिऱ्हाईत बाई बोलते आहे असं वाटेल. मशीनची ती चाल आधी कानावर पडली तर मला कळेल की पाय तिचा आहे. मग त्याच्या पाठोपाठ जो काही आवाज येईल, तो मी तिचा म्हणून शिकेन.

आणि दर मिनिटाला कच्चा टाका घालत जा. अक्काचं खरं होतं, हे तिला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

नवा कान लागला की पहिलं तुझं बोलणं ऐकायचं आहे, तोवर पत्रात मोठ्यानं लिहीत जा.

तुझा,
मामा