उंडारणं

सावदा,
३ फेब्रुवारी २०२५

चि. भूमिकास,
अ. उ. आ.

तुझा मोबाईल मी काढून आणला, तेव्हा आता पत्रच लिहिणं आलं. धुळ्याला आलो त्या दिवशी तुझ्या आईनं दिलेले मेथीचे लाडूही रागाच्या भरात तसेच परत आणले. ते याबरोबर पाठवतो आहे.

गिरधरकाकांनी तुला पांझरेच्या काठानं हिंडताना पाहिलं, एकदा नाही, बऱ्याचदा. बरोबर कोणी नाही, हातात पुस्तक नाही, कुठे पोचायचं नाही. पोरीच्या जातीनं असं उंडारू नये. गावात मला खाली बघावं लागतं. महाशिवरात्र झाली की गाडी घेऊन येतो. कॉलेजातून नाव काढू. सामान बांधून ठेव.

तब्येतीस जप. राग आहे, माया गेलेली नाही.

तुझे दादा,
चुडामण

देवपूर, धुळे,
१० फेब्रुवारी

ती. दादांस,
भूमिकाचा सा. न. वि. वि.

लाडू पोचले आणि संपलेही. पत्र मात्र संपत नाही.

काकांनी पाहिलं ते खरं आहे. प्रॅक्टिकल झालं की मी नदीवर जाते आणि पाय नेतील तिकडे चालते. कुणाला भेटत नाही.

पण तेजस मित्रांबरोबर तोरणमाळला गेला, तेव्हा तुम्ही पाव्हण्यांना कौतुकानं सांगितलंत, की आमच्या पोराला भटकंतीची आवड आहे. तुम्ही जेवून चौकात जाता, ते पाय मोकळे करणं. मी चालले की उंडारणं! चालणं तेच, शब्द मात्र माणूस बघून. आपल्याकडे दावं सुटलेली गुरं उंडारतात. मग दादा, मला दावं कधी बांधलं होतंत?

नुसतं चालताना मला फार बरं वाटतं. मी ते सोडणार नाही आणि सामानही बांधणार नाही. या, माझ्याबरोबर काठानं चाला, मग काय ते बोला.

रागावलात तरी लोभ कमी करू नका, एवढंच मागते.

आपली,
भूमिका

सावदा,
१८ फेब्रुवारी

चि. भूमिकास,
आईचे अ. आ.

तुझं पत्र दादांनी दोनदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं. मला दिलं नाही, मीच काढून वाचलं.

वाचलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की लग्न होऊन आले तेव्हापासून मी रिकाम्या हातानं उंबरा ओलांडलेला नाही. पिशवी हवी, डबा हवा, नाहीतर वाणाचं ताट तरी. हातात काही दिसलं की कुणी विचारत नाही. याचा मला फार राग आला गं.

काल ऐन भाकरीच्या वेळेला पदराला हात पुसले आणि निघाले. केळीच्या बागांमधून थेट पाटापर्यंत गेले. भिकुबाईनं ओट्यावरून हटकलंच, की कुठी चालली वं, कोकिळा. मी म्हटलं, कुठीच नाही. तिला ते समजेचना, पिशवी विसरलीस का म्हणाली. मला इतकं हसू आलं, की वाटेत थांबावं लागलं.

परतले तर दादा दारात. कुठे होतीस म्हणाले. मी सांगितलं, उंडारत होते. वर म्हटलं, आणा लेकीला घरी, खुशाल आणा. मला एकटीला जरा भीती वाटते, जोडीला कुणीतरी हवंच होतं.

कालपासून ते गाडीचं नाव काढत नाहीत.

जेवत जा, हिंडत जा, आणि आईवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी उंडगी आई,
कोकिळा