टाकीमागचा ओंडका आणि इतर किळसवाणे प्रकार

४ मार्च, सकाळी ७
सोसायटीच्या गच्चीवर बाग करायचं ठरलं. प्रमुख मी. दुसऱ्या कुणी हातच वर केला नाही, एवढा विश्वास. नगरपालिकेची स्पर्धा आहे, ‘गच्चीवरची जीवसृष्टी’. जिंकलो तर खाली जिन्यात पाटी, पाटीवर नाव. पाटीची जागा मोजून आलो.

२० मार्च
लॉन लागलं. इस्त्री केल्यासारखं. उरलेली माती, फुटक्या विटा आणि एक कुजका ओंडका टाकीमागे ढकलला. तिथे कोण बघतंय?

९ एप्रिल
गच्चीवर किडे. शी. गोगलगाय चपलेखाली आली, तो आवाज कानातून जात नाही. चहा तसाच टाकला. जीवसृष्टी म्हणजे दोन-तीन फुलपाखरं, तीही स्वच्छ. हे असलं नव्हे.

११ एप्रिल
पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. त्याने विचारलं, स्पर्धा नक्की कशाची? सांगितलं. त्याने पुन्हा तेच विचारलं. विषय झेपला नसावा.

२ मे
बायको कपडे वाळत घालायला वर जाते ती तासभर येत नाही. विचारलं, तर म्हणे टाकीमागे रानफुलं आलीत, त्यांवरच्या मधमाश्या बघत बसते. म्हटलं, उद्याच उपटतो.

५ मे
तीन दिवस बायको बोलत नाही. उपटणं रद्द. वेळ नाही म्हणून. घाबरलो वगैरे नाही.

१८ मे
लॉन पिवळं. माळी म्हणाला, औषधाने गांडुळं मेली, माती दगड झाली. गांडुळं गेली ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. पिवळ्या भागावर प्लास्टिकचं गवत टाकलं. फरक कळत नाही. चष्मा काढून खात्री केली.

१४ जून, सकाळी ६
आज परीक्षण. गच्ची फिनाईलने पुसली. औषधाला मुंगी नाही. पाटी आपलीच.

१४ जून, दुपारी ४
परीक्षक बाई भिंग घेऊन आल्या. माझ्या लॉनवर गुडघे टेकले, एक पातं चिमटीत धरलं. हे धुता का, विचारलं. अभिमानाने सांगितलं, रोज. त्यांनी कागदावर एक गोल काढला. मग बायको त्यांना टाकीमागे घेऊन गेली. शिवाय तिने एक वही दाखवली: चार प्रकारच्या मधमाश्या, भुंगे, एक सरडा, तारीख-वेळेसकट. बाई चक्क ओंडक्यापुढे पालथ्या पडल्या. शिसारी आली. हा इथे ठेवला कुणी, त्यांनी विचारलं. मी पुढे झालो. बायको म्हणाली, ठेवला नाही, फेकला.

३० जून
पाटी लागली. मी मोजलेल्या जागेत बरोबर बसली. नाव बायकोचं.

१ जुलै, सकाळी ८
ती अंघोळीला गेल्यावर वही उघडली. मीही आहे त्यात, गोगलगायींच्या खाली. ‘नवरा. सकाळी सातला दिसतो. हातात फवारा. टाकीमागे फिरकत नाही. उपद्रव कमी.’ वाईट वाटलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली.

१ जुलै, संध्याकाळी ६
फवारा खाली ठेवून टाकीमागे गेलो. ती थोडी सरकली, बस म्हणाली, आवाज करू नको. बसायला पाऊल टाकलं. चपलेखाली कचकन काहीतरी फुटलं.

तिने वही उघडून ‘कमी’ खोडलं.