सात वाजता हातात काय द्यायचं

प्रिय आप्पा,

रवळूकाका बुधवारी तुम्हाला भेटायला निपाणीला येणार आहेत. तिथं फोन देत नाहीत, म्हणून हे पाकीट त्यांच्याकडे देते आहे. ते मुद्दाम डिंकानं घट्ट चिकटवलंय, कारण दुसऱ्याची पत्रं उघडून वाचायची काकांची सवय तुम्हाला ठाऊक आहे. काकतीपासून निपाणीपर्यंत त्यांना दम निघायचा नाही.

पुढच्या सोमवारी तुम्हाला घरी सोडणार, असा व्यसनमुक्ती केंद्रातून निरोप आला. आनंद झाला, नाही कशाला म्हणू, पण आधी धास्तीच घेतली. डॉक्टरांचं बोलणं माझ्या कानातून जात नाही. तुमचं लिव्हर आता एक घोटही सोसणार नाही, असं त्यांनी तुम्हाला भरती केलं त्याच दिवशी मला आणि आईला समोर बसवून सांगितलं. आवाज इतका साधा, की जेवणानंतरची गोळी सांगताहेत असं वाटावं.  घरी आल्यावर आई भाकरी थापता थापता म्हणाली, "त्ये समदं खरं, पर सात वाजता त्येंच्या हातात काय द्यायचं गं?"

तो प्रश्न मी अंगावर घेतला. कारखान्यात लोखंडाच्या भट्टीजवळ दिवस काढलेल्या माणसाला संध्याकाळी घशाला काहीतरी लागतंच, हे तुमचंच म्हणणं. तुम्ही रिकाम्या हातानं बसलात तर तासाभरात चप्पल घालाल, ही भीती आम्हा दोघींनाही आहे. आई अजून सात वाजले की दाराकडे बघते. तुम्ही तिकडे निपाणीला सुखरूप आहात हे माहीत असूनही रस्त्यावर मोटारसायकलचा आवाज मंदावला की तिचा हात थांबतो. माझाही थांबतो.

मग मी उद्यमबागेतल्या ऑफिसातून सुटल्यावर दुकानं धुंडाळायला लागले. एका मोठ्या दुकानात बिनदारूची बिअर मिळाली. डबा हुबेहूब खऱ्यासारखा, किंमतही जवळपास तेवढीच. आईनं तो फ्रिजमध्ये बघितला आणि तिचा चेहराच उतरला. "ह्यात काय न्हाय म्हंतीस, पर दिसतंय तर तसंच की!" केंद्रातल्या मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या की सुरुवातीला तोच वास आणि डबा उघडतानाचा तोच आवाज नकोच. डबा ऑफिसात नेला. पोरांनी तोंडं वाकडी करत संपवला. वाइन म्हणून मिळाला तो नुसता द्राक्षांचा रस, खोकल्याच्या औषधासारखा गोडमिट्ट. शिवाय वाइनला तुम्ही कधी दारू मानलंच नाहीत. व्हिस्कीच्या चवीचं काहीतरी फोनवर मागवता येतं, पण त्याची किंमत तुमच्या क्वार्टरच्या वर. आप्पा, दारू नसल्याचे एवढे पैसे घेतात, हे तुम्हाला सांगून हसवायचं होतं.

शेवटी घरातलंच बरं, असं ठरवलं. कोकमाचं सरबत सोड्यात घातलं, जिरं भाजून घातलं, मसाला ताक केलं. सगळं काकांना चाखायला दिलं. ते ओटीवर पाय पसरून बसले आणि एकेक ग्लास बाजूला सारत म्हणाले, "ह्ये समदं ल्हान पोरांचं हाय. दादाला घशाला धराय पायजे." त्यांचं खरं होतं. म्हणून आलं ठेचून घेतलं, सोबत गूळ, मिरी आणि लिंबू. उकळून, गार करून, गाळून सोड्यात ओतलं. घशातून उतरताना असं धरलं की काकांचे डोळे पाणावले. दुसरा ग्लास मागून घेतला त्यांनी. खर्च म्हणाल तर चहाएवढा. त्या दिवशी आई कितीतरी महिन्यांनी मोकळी हसली.

मला वाटलं, जिंकलं. तुम्ही याल तेव्हा चव अगदी जमलेली असावी, म्हणून मी रोज थोडं थोडं सुधारत गेले. रिकाम्या सोड्याच्या बाटल्या धुऊन त्यांत भरून ठेवायची. मागच्या बाटलीतला थोडा रस नव्या बाटलीत घातला की चव जास्त खुलते, हे लक्षात आलं. विरजण लावतो तसंच, असं समजून मी ते करत राहिले. उन्हाळा केवढा, तुम्हाला माहीतच आहे. बाटल्या चुलीमागच्या फळीवर. रोज सातला एक ग्लास भरून मी तुमच्या खुर्चीत बसायची, तुम्हाला कसं लागेल ते बघायला. दिवसेंदिवस त्यातला गोडवा कमी होत गेला, सोडा न घालताच बुडबुडे यायला लागले, आणि मी खूश. ऑफिसातला सगळा शीण उतरायचा. एकदा मी आईशी उगाचच खूप वेळ हसत बोलत राहिले. मला ते सगळं तुम्ही येणार त्याच्या आनंदाचं वाटलं.

आमच्या ऑफिसात सदलग्याची अनुराधा आहे, तिच्याबद्दल मागे सांगितलं होतं. जैनाघरची, आलंसुद्धा न खाणारी. तिला नुसती दाखवायला म्हणून एक बाटली नेली. तिनं झाकण फिरवलं तसा फस्सकन फेस टेबलावर आला. तिनं लांबूनच वास घेतला आणि बाटली माझ्या हातात परत दिली. त्यांच्यात शिळं काही ठेवत नाहीत, रात्र उलटली की टाकून देतात. त्यावरून मी तिला किती चिडवलंय! ती म्हणाली, "तेजा, ह्यात जीव पडलाय गं. आमची आजी ह्याला दारूच म्हणंल. घरात ठेवू नकोस हे." मी हसायला गेले आणि हसू येईना.  तुम्ही सोमवारी आला असता, आईनं हौसेनं ग्लास तुमच्या हातात दिला असता, आणि तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवून प्यायला असता. माझ्या हातानं झालं असतं ते, आप्पा. बसमध्ये येताना मला घाम फुटला होता. शेजारच्या बाईंनी पाणी दिलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला, पण मला बोलली नाही. देवापुढं दिवा लावला आणि बाटल्या ओतून टाकायला सांगितलं. मी मोरीत ओतल्या. आता तुमच्यासाठी रोज ताजं करायचं, त्याच संध्याकाळी संपवायचं, काही उरवायचं नाही, असं आमचं ठरलंय. आईच्या दृष्टीनं विषय मिटला. आता ती तुमच्यासाठी चादरी धुतेय.

पण आप्पा, मी सगळ्या ओतल्या नाहीत. एक ठेवली, तांदळाच्या डब्यामागे. चव लक्षात राहावी म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बेरजा करताना माझं चित्त त्या बाटलीपाशी होतं. सातला मी ग्लास भरला, त्यात काय आहे ते पुरतं माहीत असताना. मग आईला वास येऊ नये म्हणून बडीशेप खाल्ली. बडीशेप चावता चावता मला रात्री बडीशेप चघळत दारातून आत येणारे तुम्ही दिसलात. आल्याच्या रसानं कुणी वाया जात नाही, एवढं मलाही कळतं. पण लपवायचं कसं, हे मला कुणी न शिकवता आलं, त्याची मला फार भीती वाटते. बाटली अजून तिथंच आहे, अर्धी. तुम्ही यायच्या आत ती घरातून गेलीच पाहिजे, आणि रोज सकाळी मी ती उद्यावर ढकलते. आईला सांगायचं धाडस होत नाही. तिनं एकाचं सोसलंय. म्हणून तुम्हाला विचारते, घरात दुसरं कुणाला हे माहीत असणार? केंद्रातल्या पहिल्या संध्याकाळी, सात वाजता, तुम्ही काय केलंत? हात कुठे ठेवलेत? लाज वाटली तरी लिहा, आणि चिठ्ठी काकांकडेच द्या. उत्तर येईपर्यंत मी सातच्या सुमाराला आईजवळ जाऊन बसते. तिला वाटतं, मी तिला सोबत करते आहे.

तुमचीच,
तेजस्वी