लोणंदमार्गे बेदाणे

७ एप्रिल १९९७
मासिकात लॉजिस्टिक्सवर लेख. माल पोचवणारे चार प्रकारचे: गाडीवाले, दलाल, गोदामवाले आणि या सगळ्यांची सांगड घालणारे. हे शेवटचे अर्धी गाडी रिकामी सोडत नाहीत; तेवढंच डिझेल वाचतं, धूर कमी. म्हणजे मी चौथ्यात! (गाडी एक. ड्रायव्हर ज्ञानू. गोदाम म्हणजे आमची पडवी.) संकल्प: यापुढे रिकामी जागा म्हणजे पाप.

९ एप्रिल
धनपाल आला. सांगलीच्या शाळेपासूनचा दोस्त. पुण्यात त्यांच्या जैन मंदिराचा पंचकल्याणक सोहळा, तिथल्या भोजनशाळेला याच्या मळ्यातले बेदाणे. पन्नास पेट्या. म्हणाला, नानासो, गाडीत दुसरं काय बी भरू नको हं, देवाचं काम हाय. म्हटलं, व्हय रं गड्या, सरळ पुणं. शब्द दिला.

११ एप्रिल, सकाळी
पेट्या चढल्या. मागची अर्धी गाडी मोकळी. बघवेना. ज्ञानूला सांगितलं, साताऱ्याहून लोणंदला वळ, कांदा भर. तो म्हणाला, आवं नाना, कांदा त्यांच्या घरात बी येत न्हाई! म्हटलं, मधे ताडपत्री लाव. सौ. अंजनानं विचारलं, वाट वाकडी करून डिझेल वाचतं कसं? लॉजिस्टिक्स घरात कळत नाही.

दुपारी
जेवण गेलं नाही. ऊन फार.

१२ एप्रिल
पुण्याहून फोन. पेटी उघडली आणि आचाऱ्यानं नाकाला पंचा लावला. सगळा माल दारातूनच परत. धनपाल तिथंच होता. आल्यावर त्याला खरं काय ते सांगणार. नक्की.

१३ एप्रिल
ज्ञानू परतला. तिथं पुण्यात त्यानं माझं नाव घेतलं नाही. मंदिराची मंडळी त्याच्यावर धावून गेली तेव्हा धनपाल मधे पडला. म्हणाला, ड्रायव्हरला बोलू नका, मीच बजावायला विसरलो. सगळ्यांपुढं मान खाली घालून उभा होता म्हणे.
उद्या सकाळी पहिलं काम तेच.

१४ एप्रिल
गुडघा दुखतो. उद्या.

१५ एप्रिल
गेलो. चालतच, तेवढाच धूर कमी. चंदनबालावहिनींनी चहा ठेवला. धनपालनं हळूच विचारलं, नाना, गाडी लोणंदला कुणाच्या सांगण्यावरनं वळली रं?
सांगायला तोंड उघडलं. म्हणालो, ज्ञानूचं वय झालं आता. सांगितलेलं राहत नाही त्याच्या ध्यानात.
त्यानं किटली उचलली. मग म्हणाला, व्हय. आणि माझ्या बशीत आणखी चहा ओतला.
प्यालो.