घडी घातलेली घोंगडी

वस्ती, नेकनूरजवळ
८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

प्रिय बबिता,

आपले आबा मंगळवारी सकाळी गेले. आज मी मेंढरं सोडली, शाळेत रजेचा अर्ज पाठवला, आलेल्या माणसांना चहा दिला. आता दुपार आहे, मी देवळाच्या ओट्यावर एकटा बसलोय. चार दिवस सगळं लांबून बघतोय असं वाटतंय. मेंढरांचा आवाजसुद्धा पाण्याखालून आल्यासारखा येतो.

तुझा फोन नंबर आहे माझ्याकडे. पण हे मला फोनवर बोलता येणार नाही.

मागच्या वर्षी आबांचे डोळे गेले. त्यांना वाचून दाखवायला मी शाळेतून अमेरिकेच्या इतिहासाचं पुस्तक आणलं. त्यात जॉन विन्थ्रॉप नावाचा एक पुढारी होता. चारशे वर्षांपूर्वी देवभोळ्या, कडक शिस्तीच्या लोकांना जहाजांतून समुद्रापार घेऊन गेला, तिथं वसाहत केली, रोजनिशी लिहिली. आबा खुलले. म्हणाले, "आमी बहात्तरला उमापूरकडून आठरा घरं घिऊन आलतो, त्येच की बे हे! फकस्त आमच्याकडं जहाज न्हवतं, मेंढरं व्हती." मग रोज त्याचीच चौकशी. दारू चालायची का त्यांच्यात? पत्ते? बैठकीला न आलेल्याला काय करायचे? मला कधी कधी वाटायचं, तो माणूस आमच्याच माळावर काठी टेकून उभा आहे.

त्याच पुस्तकात अ‍ॅन हचिन्सन नावाची एक बाई होती. बायका तिच्या घरी जमायच्या, ती त्यांना देवाधर्माचं आपल्या मनाने सांगायची. तिच्यावर खटला चालवून तिला वसाहतीबाहेर काढलं. ते पान मी गाळलं. पण आबांना कळलं. "अंगद, मधलं काय खाल्लंस?" मग वाचलं. आबा एवढंच म्हणाले, "कावून काढलं तिला? बायाच तर जमत व्हत्या."

तुझ्या घरीही बायकाच जमायच्या. पोरीला शाळेत घालायला पंचांना विचारायचं नसतं, एवढंच तू सांगत होतीस. आपली रीत तुला ठाऊक आहे. ज्याला बाहेर काढायचं त्याची बैठकीतली घोंगडी घरच्याच माणसाने घडी घालून देवळाच्या माळ्यावर टाकायची. आबांनी तुला बाहेर काढलं, आणि तुझी घोंगडी मी टाकली. बावीस वर्षं झाली.

विन्थ्रॉपचं शेवटचं पान आबांनी तीनदा वाचायला लावलं. असं सांगतात, की मरणाच्या आधी कुणाला तरी हद्दपार करायच्या कागदावर सही मागायला लोक आले, तर तो म्हणाला, ते काम माझ्या हातून फार झालं. पुढं दिवाळीनंतर रामेश्वर पंच धोंडीरामच्या अंजूला बाहेर काढायचा कागद घेऊन आला. तिने परजातीत लग्न ठरवलंय. आबांनी अंगठा मुठीत दाबून धरला. "लई झालं हे काम. जा, च्या पी आन् घरी जा." अंजू इथंच आहे. लग्न चैत्रात आहे.

त्याच संध्याकाळी ते मला म्हणाले, "परळीला कागद घाल. बबीला म्हणावं, ये." मी हो म्हणालो. नंतर रोज विचारायचे, "घातला का?" मी रोज हो म्हणायचो. एसटीचा आवाज आला की ते आंधळ्या डोळ्यांनी रस्त्याकडे तोंड करायचे.

मी पत्र घातलंच नाही, बबिता. तू आलीस की आबा सगळ्यांदेखत माझं नाव घेतील, ही भीती होती. तुझ्या घरी बायका जमतात हे त्यांना मीच सांगितलं होतं. तुझं ऐकून माझी बायको मला उलट बोलायला लागली, एवढंच कारण होतं. हचिन्सनबाईचं ते पान मी माझ्यासाठीच गाळलं होतं. माफ कर असं लिहीत नाही. तेरावा रविवारी, सोळा तारखेला आहे. ये. बैठकीत सगळ्यांसमोर हे मी सांगणार आहे, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी.

आत्ताच शिडी लावून तुझी घोंगडी खाली काढली. कसर लागू नये म्हणून घडीत कडुलिंबाचा पाला घालतात. मला वाटलं, बावीस वर्षांचा भुगा निघेल. पाला औंदाचा आहे, अजून हिरवट; म्हणजे आबा तो दरवर्षी बदलत होते. आबांचं शिडी चढणं कधी बंद झालं, आणि नंतर त्यांनी कुणाला चढवलं, मला माहीत नाही. माझ्याकडून त्यांनी कधी पाला मागितला नाही.

पाला काढून ठेवलाय. आता घोंगडी झटकतो आणि ओट्यावर उन्हात पसरतो.

तुझाच,
अंगददादा