राजाला दिलेले अठ्ठावीस गुण

मी, मोरेनिके आडुन्नी फालोलू, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, विधवा, निवृत्त नाट्यशिक्षिका, राहणार ओशोग्बो, नायजेरिया, हे मृत्युपत्र माझ्या घरी, माझ्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्या डोक्याविषयी कोणाला शंका असल्यास डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. माझ्या मुलीला ती शंका आहे, म्हणून दाखला मुद्दाम आणवला. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ज्या विद्यापीठात मी एकतीस वर्षे नाटक शिकवले, त्याचे नाव मी या कागदावर घालणार नाही. तेवढी त्याची लायकी राहिलेली नाही.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी शांत चित्ताने लिहिले होते आणि त्यात खरे असे फार थोडे होते.

कलम १. राहते घर, पुढच्या चार खोल्या, विहीर व जनरेटर यांसह, माझी एकुलती एक मुलगी तितिलायो हिला मिळावे. ती लागोसला बँकेत आहे आणि तिला सगळ्या गोष्टी चौरस फुटांत दिसतात. मागच्या अंगणातला तालमीचा हॉल मात्र या कलमातून वगळला आहे. त्यावरून आमचे गेल्या ईस्टरला फोनवर वाजले होते.

"आई, तो हॉल पाडून गाळे काढू या. रस्त्याला लागून आहे."

"तिथे तालमी होतात."

"कोणाच्या? मी आले तेव्हा तिथे नुसते सरडे होते."

"सरडे निदान वेळेवर येतात. माझे विद्यार्थी तेवढंही करत नव्हते."

कलम २. पाय मोडलेली लाकडी खुर्ची माजी विभागप्रमुख डॉ. सेगुन लाडिपो यांना द्यावी. हीच खुर्ची त्यांनी मला बावीस वर्षे कचेरीत बसायला दिली होती. प्राध्यापकपदासाठी मी चार वेळा अर्ज केला आणि चारही वेळा त्यांनी शेरा मारला, की नाटक बसवणे म्हणजे संशोधन नव्हे. त्यांनी स्वतः नटांवर अकरा निबंध लिहिले आणि एकाही नटाला तालमीनंतर कधी पाणी विचारले नाही. खुर्ची दुरुस्त करून देऊ नये.

कलम ३. वेशभूषेच्या सहा ट्रंका विभागातल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना द्याव्यात. पहिल्या वर्षाच्या नको. त्यांतली निम्मी मुले कायद्याला प्रवेश मिळाला नाही म्हणून नाटकात ढकललेली असतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "बाई, यात पाठ काय करायचं?" त्यांचे आईबाप तर विचारतात, "नाचायला विद्यापीठ कशाला? आमच्या गल्लीत सगळेच नाचतात." एकतीस वर्षे मी या प्रश्नाला उत्तर देत आले आणि एकदाही समोरच्याला ते पटलेले पाहिले नाही. असो. हातमागाचा राजवेष यंत्रात धुवू नये. तो चर्चच्या नाताळच्या नाटकाला उसना देऊ नये. मागच्या खेपेस त्यांच्या हेरोद राजाने त्यावर जॉलोफ भात सांडला.

कलम ४. वर वगळलेला तालमीचा हॉल, त्यातील लाकडी मंच, दिवे व आरसे यांसह, माझा विद्यार्थी कोलापो अजिबादे, वय सत्तावन्न, याला मिळावा. तितिलायोने कोर्टात जाऊ नये म्हणून कारण सविस्तर लिहिते.

कोलापो हा मी शिकवलेल्यांतला सर्वांत चांगला नट. १९८९ साली त्याच्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि नाटकात तो राजा होता. मी तेव्हा इंग्लंडहून नुकतीच शिकून आले होते आणि डोक्यात वारे भरलेले होते. आमच्याकडे चारचे लग्न साडेपाचला लागते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मी हट्टाने चारच्या ठोक्याला पडदा उघडला.

कोलापोचे वडील, जिमो अजिबादे, लॉरीच्या गॅरेजात काम करत. मुलगा नाटक शिकतो म्हणून तीन वर्षे त्यांनी त्याच्याशी धड बोलणे टाकले होते. त्या दिवशी ते पहिल्यांदाच बघायला आले, पांढरा पायघोळ अग्बादा घालून. विद्यापीठाच्या नाट्यगृहात मधल्या वाटेने चालत ते पुढे आले, तेव्हा पाच वाजत होते. मंचावर नुकताच राज्याभिषेक झाला होता आणि सगळे सरदार कोलापोपुढे पालथे पडले होते.

कोलापोने बापाला पाहिले. सिंहासनावरून उठला, चार पावले पुढे आला आणि मुकुटासकट मंचावर पालथा पडला, जसा आमच्याकडे कुठलाही मुलगा बापाला पाहून पडतो. नाट्यगृह टाळ्यांनी दणाणले. म्हातारा भांबावून ओरडला, "अरे ऊठ, ऊठ! तू राज्य कर. मी बसतो मागं कुठंतरी."

कोलापो उठला, सिंहासनावर बसला आणि पुढचा एक तास त्याने जे काम केले, तसे मी पुन्हा पाहिलेले नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याला चौसष्ट गुण दिले. मी अठ्ठावीस दिले. शेरा लिहिला : "नट पात्रातून बाहेर पडला. मुकुट चढल्यावर योरुबा राजा जन्मदात्यापुढेही वाकत नाही." शेवटची सही माझी होती. तो नापास झाला.

त्याला वर्ष पुन्हा करावे लागणार होते. मग संप लागला, विद्यापीठ सात महिने बंद पडले, त्यात त्याचे वडील गेले आणि धाकट्या भावंडांसाठी तो गॅरेजात चिकटला. परत आलाच नाही. आज तो मंडप आणि खुर्च्या भाड्याने देतो आणि लग्नांत माइकवर बोलतो. गावातले लोक त्याला "नापास काबियेसी" म्हणतात. काबियेसी म्हणजे महाराज. तो हसतो. मला ते हसणे बघवत नाही.

आता जे मी कोणालाही सांगितले नाही ते लिहिते. म्हातारा मधल्या वाटेने परीक्षकांच्या टेबलाशी आला, तेव्हा मी पेन खाली ठेवून उठले होते आणि दोन्ही गुडघे टेकून त्याला नमस्कार केला होता. तो वयाने मोठा होता, दुसरे काय करणार? मग मी परत खुर्चीत बसले आणि तेच केल्याबद्दल त्याच्या मुलाला नापास केले.

निवृत्तीनंतर मी हे गुण दुरुस्त व्हावेत म्हणून विद्यापीठाला एकोणीस पत्रे लिहिली. उत्तरे तीन आली. पहिले, इतक्या जुन्या निकालात बदल करता येत नाही. दुसरे, फाईल सापडत नाही. तिसऱ्यात मला वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, त्याही चुकीच्या महिन्यात. तेव्हा जे माझ्या हातात आहे ते मी देत आहे.

कलम ५. माझ्या अंत्यविधीला सगळ्यांनी एकसारखे कापड शिवून घालू नये. मी जिवंतपणी कोरसला कंटाळले आहे. विभागातर्फे कोणी भाषण करू नये.

पुढील मजकूर त्याच दिवशी दुपारी जोडला आहे.

सह्यांसाठी वकील बोसेडे ओकेवो आणि शेजारची शिंपीण रिस्कात अलाबी आल्या होत्या. कोलापोलाही बोलावले होते. दारातच तो सवयीने पालथा पडायला लागला. मी म्हटले, "पुरे. तुझ्या गुडघ्यांवर दया कर." वकीलबाईंनी कलम चार वाचून दाखवले. मला वाटले होते तो खूश होईल.

"बाई, हॉल नको मला," तो म्हणाला.

"का? खुर्च्या ठेव, तालमी घे, काय वाटेल ते कर."

"लोक म्हणतील, नापास काबियेसीला बाईंनी दया म्हणून हॉल दिला."

"दया कसली मेल्या! भरपाई आहे ही."

"मग भरपाई चुकली तुमची. माझा हॉल कुठं घेतला होता तुम्ही?"

मी विचारले, "मग काय घेतलं?" विचारायला नको होते.

तो म्हणाला, "त्या दिवशी बाबा बसमध्ये सगळ्यांना सांगत आले होते, माझा पोरगा राजा झालाय. निकाल लागल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, 'माझ्यामुळं का रे?' मी म्हटलं, नाही बाबा, माझे उच्चार चुकले. त्यांना ते खरं वाटलं नाही. तसेच गेले ते."

रिस्कातने डोक्याचा रुमाल डोळ्यांना लावला.

"तुम्ही ते कागदावर लिहा," कोलापो म्हणाला. "आणि त्याखाली मला सही करू द्या. पास झालेली पोरं पदवी घेताना वहीत सही करतात ना? माझी तेवढी राहिलीय."

वकीलबाई म्हणाल्या, "नीट ऐका. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यातून काहीही मिळत नाही. हॉल किंवा सही, दोन्हींतलं एकच."

"पेन द्या," कोलापो म्हणाला.

मी भांडले. तुझी पोरे तुला शिव्या घालतील, म्हटले. तो हात पुढे करून उभा राहिला.

सबब कलम ४ मधील हॉलचे दान मी रद्द करते. हॉल तितिलायोला मिळावा. काढ तुझे गाळे. मला याचा संताप आहे आणि तो मी गेल्यावरही राहील.

कलम ४ च्या जागी पुढील निवेदन धरावे व ते माझ्या अंत्यविधीत मोठ्याने, शक्यतो नीट आवाज असलेल्या माणसाने वाचावे :

१९८९ च्या अंतिम प्रात्यक्षिक परीक्षेची अंतर्गत परीक्षक या नात्याने मी जाहीर करते की कोलापो अजिबादे हा चौसष्ट गुणांनी उत्तीर्ण आहे. माझे अठ्ठावीस गुण चुकीचे होते व ते मी मागे घेते. त्याच्या वडिलांचा यात काडीचाही दोष नव्हता. जिमो अजिबादे उशिरा आले नव्हते. नाटक मी लवकर सुरू केले होते.

ठिकाण : ओशोग्बो
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२३

लिहून ठेवणार : (सही) मोरेनिके आडुन्नी फालोलू

आम्हा दोघांसमक्ष वरील सही झाली व आम्ही एकमेकांसमक्ष सह्या केल्या.

साक्षीदार पहिला : (सही) रिस्कात अलाबी. व्यवसाय : शिवणकाम.

साक्षीदार दुसरा : (सही) कोलापो जिमो अजिबादे. व्यवसाय : नट.